पाटोदा ग्रामपंचायत : ग्रामकारभाराचा एक पाठ

विद्यार्थीमित्रहो, राज्याचा कारभार मुंबईस चालतो व देशाचा दिल्लीस चालतो, हे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. परंतु गावच्या नळास पाणी केव्हा सोडावे, वाटेवरचा दिवा कोणी लावावा, तुंबलेले गटार कोणी उपसावे, या गोष्टी मुंबईस ठरत नाहीत व दिल्लीसही ठरत नाहीत. त्या गावातल्याच एका लहानशा कचेरीत ठरतात. त्या कचेरीस ग्रामपंचायत म्हणतात. आपल्या शाळेत येणाऱ्या पुष्कळ मुलांची घरे खेड्यांत आहेत; ज्यांची नाहीत त्यांच्या आजोबांची तरी होती. तेव्हा हा विषय कोणासच परका नाही. तथापि ज्या घराचे अन्न आपण रोज खातो त्या घराचा जमाखर्च जसा मुलांना बहुधा ठाऊक नसतो, तसाच आपल्या गावचा कारभारही आपल्याला ठाऊक नसतो. ही उणीव थोडीफार भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे.

१. गाव व त्याचा परिसर

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. पाटोदा या नावाचे तालुक्याचे ठिकाण बीड जिल्ह्यात आहे. नाशिक जिल्ह्यात येवल्याजवळही या नावाचे एक गाव आहे. आपला पाटोदा त्यांहून निराळा. तो शहरापासून थोड्याच अंतरावर, वाळूजच्या बाजूस आहे. वस्ती चार आकडी. म्हणजे लोकसंख्येने ते लहान गावच होय.

या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत : छत्रपती संभाजीनगर, पैठण, गंगापूर, वैजापूर, खुलताबाद, कन्नड, फुलंब्री, सिल्लोड व सोयगाव. जमीन बहुतेक काळ्या खडकाची व त्यावरील काळ्या मातीची. पाऊस बेभरवशाचा. खरिपात कापूस, मका, बाजरी व तूर, आणि रब्बीत ज्वारी, गहू व हरभरा, ही येथील मुख्य पिके होत. पाऊस चुकला की विहिरी आटतात, आणि विहिरी आटल्या की शेतकऱ्याचा संसार उघडा पडतो. २०१२ चा व २०१५ चा दुष्काळ पालकांच्या चांगला स्मरणात असेल. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते घातला गेला, व १९७६ साली ते पुरे होऊन त्याचा नाथसागर झाला. त्यातील पाणी शहरास मिळते व कालव्यांखालील शेतास मिळते; उंचावरच्या खेड्यास मात्र आपल्या विहिरीकडेच पाहावे लागते. पाण्याची अशी वाण असल्यामुळे या भागातील ग्रामपंचायतीची खरी परीक्षा पाण्यापाशीच होते.

पाटोद्याच्या शेजारी वाळूजची मोठी उद्योगवसाहत आहे. तेथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला व त्यामागून इतर अनेक कारखाने आले. अशा ठिकाणच्या गावात एका घरी बाप नांगर धरतो व मुलगा कारखान्यात पाळीवर जातो, हे दृश्य नवीन नाही. खेडे व शहर यांच्या सीमेवर उभे असलेले हे गाव आहे, हे वाचकांनी पुढील भाग वाचताना ध्यानात ठेवावे.

२. पूर्वीचा गावगाडा

आजची ग्रामपंचायत समजण्यास पूर्वीची व्यवस्था थोडी माहीत असावी. पूर्वी पाटील गावचा मुख्य असे, कुलकर्णी दप्तर ठेवी, आणि सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट आदी बलुतेदार आपापले काम करून सुगीला धान्याच्या रूपाने मोबदला घेत. या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात केले आहे. १८३० साली सर चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदी खेड्यांस लहान लहान गणराज्ये अशी उपमा दिली, व ती पुढे पुष्कळांच्या तोंडी बसली.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही आहे. पाटीलकी वडिलांकडून मुलाकडे जाई. ती निवडणुकीने मिळत नसे. गावात कोणी कोठे राहावे, कोणत्या विहिरीवर पाणी भरावे, हे जातीवरून ठरे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या या भाबड्या स्तुतीवर कडक टीका केली. संकुचित वृत्ती व जातीयता यांचे माहेरघर असलेल्या खेड्यास राज्यघटनेचा पाया करू नये, व्यक्तीस करावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच महिन्यात २२ तारखेस के. संथानम् यांची दुरुस्ती मान्य होऊन ग्रामपंचायती स्थापन कराव्यात असे मार्गदर्शक तत्त्व घटनेत आले. तेच आजचे ४० वे कलम होय. गावाला अधिकार द्यावेत, परंतु ते गावातल्या बलवंतांच्या हाती पडू नयेत, या दोन विचारांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न तेव्हापासून चालत आला आहे. पुढील सर्व कायदे या प्रश्नाची उत्तरेच आहेत, असे म्हटले तरी चालेल.

३. कायद्याचा इतिहास

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. ग्रामपंचायतींचा मुख्य कायदा १९५८ सालचा आहे. १९६१ साली वसंतराव नाईक यांच्या समितीने अहवाल दिला. त्यावरून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांचा कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायत राज्य सुरू झाले. गावास ग्रामपंचायत, तालुक्यास पंचायत समिती, जिल्ह्यास जिल्हा परिषद, ही ती तीन पायऱ्यांची रचना. त्याच दशकात वंशपरंपरेची पाटीलकीही कायद्याने संपली.

नंतर ७३ वी घटनादुरुस्ती झाली व ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने पंचायतींची निवडणूक दर पाच वर्षांनी घेणे आवश्यक ठरविले, अनुसूचित जाती व जमाती यांस लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखल्या, आणि एकतृतीयांश जागा स्त्रियांस दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली हा वाटा वाढवून निम्मा केला. ज्या गावात एके काळी बाईने चावडीवर पाऊल टाकणे अनुचित मानीत, त्या गावात आज निम्म्या खुर्च्यांवर स्त्रिया बसतात. काही ठिकाणी पत्नी सरपंच असून कारभार पती पाहतो, हे खरे. परंतु कायद्याने दार उघडले आहे, आणि उघड्या दारातून आज ना उद्या माणूस आत येतोच.

४. पंचायतीची रचना

ग्रामपंचायतीत लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ सदस्य असतात. दीड हजारपर्यंत वस्ती असल्यास ७, तीन हजारपर्यंत ९, साडेचार हजारपर्यंत ११, असे हे प्रमाण वाढत जाते. पाटोद्याची पंचायत ११ सदस्यांची आहे. गावाचे प्रभाग पाडून गुप्त मतदानाने सदस्य निवडतात. सरपंच सदस्यांनी निवडावा की थेट मतदारांनी, याविषयी कायदा अनेकदा बदलला आहे : २०१७ साली थेट निवडणूक आली, २०२० साली ती गेली, व २०२२ साली पुन्हा आली.

सरपंच हा लोकांनी निवडलेला प्रमुख होय. त्याच्या जोडीस शासनाचा पगारी सेवक असतो. त्यास आपण ग्रामसेवक म्हणत आलो, व २०२४ पासून या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे. पैसा खर्च करताना दोघांची संमती लागते. एक लोकांस उत्तरदायी, दुसरा कायद्यास उत्तरदायी; एकट्याच्या हाती किल्ली राहू नये, अशी ही योजना आहे.

परंतु या दोघांच्या वर आणखी एक सत्ता आहे, आणि ती पुष्कळांस ठाऊक नसते. ती म्हणजे ग्रामसभा. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक स्त्रीपुरुष ग्रामसभेचा सभासद असतो; त्यास निवडून यावे लागत नाही. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरली पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस त्यासाठी रूढ झाले आहेत. मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक जमले की गणपूर्ती होते. मुख्य सभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभाही घ्यावयाची असते. पंचायतीचा जमाखर्च, पुढील वर्षाचा विकास आराखडा, घरकुलासाठी पात्र कुटुंबांची निवड, या गोष्टी ग्रामसभेपुढे येतात. सरपंचाने सभा बोलावण्यात कसूर केली तर त्यास पद गमवावे लागण्याचीही तरतूद आहे.

स्वित्झर्लंडमधील लहान लहान गावांत आजही सर्व नागरिक एकत्र जमून गावचा कर ठरवितात. फ्रान्समध्ये सुमारे पस्तीस हजार ‘कम्यून’ असून त्यांतील कित्येकांची वस्ती आपल्या एखाद्या वाडीएवढीच आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती सुमारे अठ्ठावीस हजार आहेत. म्हणजे सर्व नागरिकांची सभा ही काही आपल्याकडेच आलेली नवलाई नव्हे. जगातील पुष्कळ सुधारलेली राष्ट्रे याच पायावर उभी आहेत.

५. पंचायतीची जमा

कारभार म्हटला की पैसा आला. ग्रामपंचायतीची जमा दोन प्रकारची असते : स्वतःची व वरून आलेली.

स्वतःच्या जमेत घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य किंवा सफाई कर, बाजाराची फी, पंचायतीच्या गाळ्यांचे भाडे, या बाबी येतात. घरपट्टीची आकारणी ज्या नोंदवहीत असते तिला नमुना ८ म्हणतात, व तिची फेरतपासणी दर चार वर्षांनी होते. पुष्कळ लोक घरपट्टी व शेतसारा यांत घोटाळा करतात. शेतसारा हा राज्य शासनाचा महसूल आहे, व तो तलाठ्याकडे जातो. घरपट्टी ही गावची स्वतःची आहे, व ती गावातच खर्च होते.

वरून येणाऱ्या पैशात केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान मुख्य होय. चौदाव्या आयोगाने २०१५ पासून हा पैसा सरळ ग्रामपंचायतींच्या नावे दिला. पंधराव्या आयोगाच्या वेळी महाराष्ट्रात त्यातील शेकडा ८० ग्रामपंचायतीस, १० पंचायत समितीस व १० जिल्हा परिषदेस असा वाटा ठरला. शिवाय २०२१-२२ पासून शेकडा ६० रक्कम पाणी व स्वच्छता यांवरच खर्चावी, असे बंधन आले.

आता एक प्रश्न विचारू. वरून पैसा येतो, तर घरपट्टी कशास हवी? याचे उत्तर असे की, दुसऱ्याने दिलेला पैसा दुसऱ्याच्या अटीवर खर्च करावा लागतो. आणि ज्या पैशात आपला रुपया नाही, त्याचा हिशेब मागण्याची बुद्धी माणसास क्वचितच होते. घरपट्टी भरणारा मनुष्य ग्रामसभेत उभा राहून हक्काने विचारतो, “माझ्या पैशाचे काय केले?” कर हा अशा रीतीने गावकरी व पंचायत यांना बांधणारा दोर आहे.

६. पाटोद्याने काय केले?

ग्रामपंचायतींचे मोठे दुखणे म्हणजे करांची थकबाकी. सरपंचास मते हवी असतात. मत मागावयाचे त्याच दारी कर मागण्यास तो संकोचतो. कर वसूल होत नाही म्हणून पाणी नीट येत नाही, आणि पाणी नीट येत नाही म्हणून लोक कर भरीत नाहीत. बैल घाण्याभोवती फिरावा तसा हा फेरा चालू राहतो.

पाटोद्याने हा फेरा तोडला, म्हणून त्याचे नाव महाराष्ट्रभर झाले. भास्करराव पेरे पाटील यांच्या हाती गावचा कारभार अनेक वर्षे होता. त्या काळात पंचायतीने असा नियम केला की, जे कुटुंब आपला सर्व कर भरील त्याचे दळण पंचायतीच्या गिरणीत फुकट दळून मिळेल. गोष्ट वरवर साधी दिसते. पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. दळण ही घराघराची नित्याची गरज, आणि ते बहुतेक गृहिणीच्या हिशेबातले. कर भरला की त्याचे फळ पुढे वर्षभर डब्यातून घरी येत राहते. कराची पावती जपून ठेवण्याची कळकळ मग घरातूनच उत्पन्न होते.

पुढील आकडे कल्पित आहेत. पण युक्ती कशी चालते हे त्यांवरून कळेल. समजा, एका गावात ४०० घरे आहेत, व प्रत्येकाचा वर्षाचा कर सरासरी २,५०० रुपये आहे. एकूण मागणी १०,००,००० रुपये झाली. शेकडा ४० वसुली झाल्यास हाती ४,००,००० येतात. आता पंचायतीने गिरणी चालविली, व विजेचा आणि माणसाचा खर्च वर्षास २,००,००० आला; पण वसुली शेकडा ९५ झाली. जमा ९,५०,०००, गिरणीचा खर्च वजा जाता ७,५०,००० उरले. म्हणजे दळण फुकट देऊनही पंचायतीस पूर्वीपेक्षा ३,५०,००० रुपये अधिक मिळाले. जे फुकट दिसते ते वस्तुतः फुकट नसते, आणि तरीही दोघांचा लाभ होतो, हा अर्थशास्त्राचा धडा येथे मिळतो.

पाण्याच्या बाबतीतही पंचायतीने असाच विचार केला. नळांना मीटर बसविले, म्हणजे जो जितके पाणी वापरील तितके त्याने द्यावे. पिण्यासाठी शुद्ध केलेल्या पाण्याची वेगळी सोय केली, व आंघोळीच्या गरम पाण्याचीही व्यवस्था केली. वाटेवर हात धुण्याच्या जागा केल्या, झाडे लावली, सांडपाणी वाया न जाऊ देता त्याचा उपयोग केला. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यातून जी गावे पुढे आली त्यांत पाटोद्याची गणना होते.

७. दोन शंका

या उदाहरणावर विचारी वाचकास दोन शंका येतील, व त्या आल्या पाहिजेत.

पहिली शंका अशी की, कर भरणे हे कर्तव्य आहे. कर्तव्यासाठी बक्षीस का द्यावे? यावर एवढेच म्हणता येईल की, मुलास अक्षर वळणदार काढण्याची सवय लागेपर्यंत गुरुजी शाबासकी देतात. सवय जडल्यावर शाबासकीची गरज उरत नाही. परंतु ज्याच्या घरी खरोखरच पैसा नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. मोलमजुरी करणाऱ्या विधवेस कर भरता आला नाही, म्हणून तिचे दळणही महाग पडावे, हे न्यायाचे नव्हे. जे गाव ही योजना उचलील त्याने अशा घरांस हप्ते बांधून देण्याचा विचार ग्रामसभेत आधी करावा.

दुसरी शंका अधिक खोल आहे. हे सर्व एका कर्त्या पुरुषामुळे झाले. तो गेल्यावर काय? जानेवारी २०२१ मध्ये पंचायतीची निवडणूक झाली, तेव्हा पेरे पाटील स्वतः उभे राहिले नाहीत, आणि त्यांच्या कन्येचा पराभव झाला. ही वार्ता वाचून महाराष्ट्रात पुष्कळांस आश्चर्य वाटले. काहींनी गावकऱ्यांस कृतघ्नही म्हटले. आम्हास हा दोष योग्य वाटत नाही. चांगल्या कारभाऱ्याच्या घरात कारभार कायमचा राहावा असा नियम केला, तर जुनी पाटीलकी काय वाईट होती? मतदारास आपला कारभारी बदलण्याचा अधिकार आहे, व तो त्याने बजावला. खरा प्रश्न निराळाच आहे : माणूस बदलल्यावर चांगला नियम टिकतो काय? नियम जर ग्रामसभेने समजून केला असेल, तर तो सरपंचाबरोबर जात नाही. केवळ एकाच्या धाकाने किंवा प्रेमाने चालला असेल, तर तो टिकत नाही.

या संदर्भात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे स्मरण होते. पोपटराव पवार तेथे १९८९ पासून कारभारात आले. त्यांस २०२० साली पद्मश्री मिळाली. हे गाव पर्जन्यछायेत असून तेथे पाऊस थोडा. ग्रामसभा दर वर्षी पडलेला पाऊस मोजते, गावास व गुरांस लागणारे पाणी प्रथम बाजूस काढते, व उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावीत हे ठरविते. शेतीसाठी विंधनविहिरी घेऊ नयेत व उसासारखे तहानलेले पीक करू नये, असा निर्बंध गावाने स्वतःवर घातला. शेतकरी स्वतःच्या शेतात काय पेरावे याबद्दल सभेचे ऐकतो, ही गोष्ट सोपी नव्हे. ती शक्य झाली, कारण जमिनीखालचे पाणी सर्वांचे आहे हे त्याला हिशेबाने पटले. पाटोद्याने पैशाचा हिशेब लोकांपुढे ठेवला, हिवरे बाजारने पाण्याचा. दोहोंचे मर्म एकच.

मात्र कोणतेही गाव दुसऱ्याची नक्कल करून मोठे होत नाही. पाटोद्याच्या शेजारी कारखाने आहेत. त्यामुळे रोजगार जवळ आहे. सोयगावच्या डोंगरातील गावास ही अनुकूलता नाही. त्याने आपली गिरणी आपणच शोधली पाहिजे.

८. गाव मोठे झाले म्हणजे

खेडे वाढत वाढत शहराच्या जवळ जाऊ लागले, म्हणजे ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत येते. ग्रामीण भाग शहरी होत असताना मधल्या अवस्थेसाठी हा प्रकार ७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ साली आला. आपल्या जिल्ह्यात फुलंब्री व सोयगाव येथे नगरपंचायती आहेत. पैठण, खुलताबाद, कन्नड, वैजापूर, गंगापूर व सिल्लोड येथे नगरपरिषदा आहेत. नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात, प्रमुखास नगराध्यक्ष म्हणतात, व शासनाचा मुख्याधिकारी कारभार चालवितो. सोयी वाढतात, त्याबरोबर करही वाढतात. परंतु एक गोष्ट कमी होते. सर्व गावकऱ्यांनी एकत्र बसावयाची ग्रामसभा तेथे राहत नाही. वस्तीतील पुष्कळ लोक अजून शेतीच करीत असतात, गुरे दारात बांधलेली असतात, आणि कागदोपत्री मात्र ते नागर झालेले असतात. या बदलात काय मिळते व काय जाते, याचा विचार शहराच्या वेशीवरील प्रत्येक गावाने आधीच केला पाहिजे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, व त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार प्रशासकाने पाहिला. शहराच्या महानगरपालिकेची मुदत तर एप्रिल २०२० मध्येच संपली होती. तेथेही पाच वर्षांहून अधिक काळ असेच चालले. प्रशासक कर्तव्यदक्ष असू शकतो. परंतु त्याला आपण निवडलेले नसते, व आपण त्याला बदलूही शकत नाही. पाच वर्षांनी निवडणूक झालीच पाहिजे असे घटनेत लिहिलेले असूनही हे घडले. यावरून कळते की, स्वराज्य कागदावर लिहून भागत नाही. त्याची मागणी करणारे नागरिक जागे असावे लागतात.

९. कोणते काम कोणाकडे न्यावे?

पालकांच्या सोयीसाठी थोडी व्यावहारिक माहिती देतो. पाणी, गटार, दिवाबत्ती, गावातील रस्ते, जन्ममृत्यूची नोंद व घराचा नमुना ८ यांसाठी ग्रामपंचायतीकडे जावे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. पुढे शाळेत नाव घालताना तिची गरज पडते. शेताचा सातबारा, वारसाची नोंद व पिकाची नोंद यांसाठी तलाठ्याकडे जावे; २०२४ पासून या पदास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. शिधापत्रिकेचे काम तहसील कचेरीत होते. प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत असतात, व तालुक्यात त्यांची देखरेख पंचायत समितीमार्फत होते; तेथील मुख्य अधिकाऱ्यास गटविकास अधिकारी म्हणतात. गावातील शांततेविषयी काही सांगावयाचे असल्यास पोलीस पाटलास सांगावे. पंचायतीचे कागद पाहावयाचे असतील, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तो हक्क प्रत्येक नागरिकास आहे.

१०. उपसंहार

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण तीनचार वर्षांत अठरा वर्षांचे व्हाल. त्या दिवसापासून तुम्ही आपल्या गावच्या ग्रामसभेचे सभासद व्हाल. त्यासाठी फक्त मतदार यादीत नाव पाहिजे. शिकलेला तरुण शहरात नोकरीस जातो व गावची सभा म्हाताऱ्यांवर व चारदोन हुशार मंडळींवर सोडून देतो, ही आपल्या खेड्यांची मोठी हानी आहे. जमाखर्चाचा कागद हाती घेऊन बेरीज तपासणारा एक तरी विद्यार्थी सभेत बसला, तर सभेचा रंग बदलतो. गणितातील जमाखर्च, भूगोलातील पर्जन्यमान, नागरिकशास्त्रातील घटना, हे तिन्ही विषय त्या एका बैठकीत उपयोगी पडतात.

खाली काही प्रश्न दिले आहेत. येत्या सुटीत घरच्या वडीलधाऱ्यांच्या मदतीने त्यांची उत्तरे मिळवावीत.

(१) आपल्या गावच्या पंचायतीत सदस्य किती व त्यांत स्त्रिया किती?
(२) आपल्या घराची घरपट्टी किती, व ती शेवटी कधी भरली?
(३) गेल्या ग्रामसभेस आपल्या घरातून कोण गेले होते? आई किंवा आजी गेली होती काय?
(४) गावात पिण्याचे पाणी कोठून येते, व मे महिन्यात ते किती दिवसांआड मिळते?
(५) आपल्या गावात कर वसूल होण्यासाठी दळणाऐवजी दुसरी कोणती युक्ती चालेल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ते ज्याला सुचेल त्याने ते वहीत न ठेवता ग्रामसभेत मांडावे.